वाक्यात उपयोग करा

आमच्या घरात इंग्रजी शब्दाचा अर्थ कुणी विचारत नसे. माझे आजोबा, आबा, विचारायचे ते 'मानी'. "हां, रिव्हरचं मानी सांग," आणि ते सांगून होतं न होतं तोच, "आता जुमला कर," म्हणजे वाक्य. ज्ञानेश्वरीचं पान वाचल्याशिवाय ताटावर न बसणारा हा माणूस इंग्रजीजवळ आला की उर्दूत शिरायचा. पुढं अंबड, परतूर, भोकरदनकडच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलत गेलो, तेव्हा ध्यानात आलं की त्या पिढीत जे कोणी शाळेत गेले, त्या बहुतेकांचं इंग्रजी असंच उर्दूमार्गे आलेलं आहे.

आबांचा जन्म 1925च्या आगेमागे, अंबड तालुक्यातला. जालना तेव्हा जिल्हा नव्हता. तो झाला 1 मे 1981 ला, मी शाळेत असताना. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणीकडं. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी शाळेचे टप्पे तीन: तहतानिया, वस्तानिया, फोकानिया. आज आपण प्राथमिक, माध्यमिक म्हणतो तितक्या सहज आबा ही नावं घ्यायचे. सुरुवातीच्या इयत्तांत मराठी असे. वस्तानियात पाय ठेवला की गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, आणि इंग्रजीसुद्धा उर्दूतूनच.

त्यांची एक वही मी पाहिली आहे. जाड, पिवळा कागद आणि बोरूची शाई. पानाच्या डाव्या कडेकडून इंग्रजी शब्द निघायचा, उजव्या कडेकडून उर्दू मानी निघायचं, आणि दोन्ही मधोमध भेटायचे. त्यांच्या खाली उरलेल्या चिमूटभर जागेत आबांनी मोडीत मराठी शब्द घातलेला असे. तो मास्तरांसाठी नव्हता. तो घरी आल्यावर, चुलीपुढं बसलेल्या आईला आपण आज काय शिकलो ते सांगता यावं म्हणून होता. तीन लिप्या एका ओळीत बसवणारं ते बारा-तेरा वर्षांचं पोर किती कष्ट करत असेल, याचा विचार मी आजही करतो. मुंबई-पुण्याच्या पोराला इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ पाहायचा तर मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 पासून तयार होता. आमच्या पोरांना मात्र आधी एक परकी भाषा ओलांडून मग दुसरीकडं जायचं होतं.

पण ही गोष्ट इतकीच सांगितली तर अर्धी राहील. निजामाच्या राज्यात शब्दांवर झालेलं काम मोठंच होतं. 1917 मध्ये हैदराबादेत भाषांतराचं सरकारी खातं उभं राहिलं, दुसऱ्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ निघालं. विज्ञान, कायदा, वैद्यक, इतिहास हे सगळं उर्दूतून शिकवायचं आणि इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवायचा, असा तो बेत होता. त्यासाठी हजारो पारिभाषिक शब्द बसून घडवले गेले. या कामातलं मोठं नाव मौलवी अब्दुल हक यांचं. ते कितीतरी वर्षं आमच्या औरंगाबादेत राहिले. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं ठाणंही तिथंच होतं, आणि 1937 मध्ये 'स्टँडर्ड इंग्लिश-उर्दू डिक्शनरी' याच संस्थेनं प्रकाशित केली. जालन्याहून जेमतेम साठ किलोमीटरवर एवढा मोठा कोश तयार होत होता. असं काम कुठल्याही भाषेसाठी व्हावं, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. दुःख एवढंच, की ज्यांच्या घरी मराठी, तेलुगू, कन्नड बोलली जात होती त्या लेकरांच्या भाषेसाठी त्या राज्यात असा कोश, असं खातं निघालं नाही.

आबांच्या मौलवीसाहेबांनी ही उणीव आपल्यापुरती भरून काढली होती. त्यांच्याबद्दल बोलताना आबांचा आवाज बदलायचा. साहेब फळ्यावर इंग्रजी शब्द लिहीत, उर्दू मानी सांगत, आणि मग एखाद्या कुणब्याच्या पोराकडं वळून मोडक्या मराठीत विचारत, "तुमच्या वावरात याला काय म्हणतात?" पोरानं सांगितलं की तो शब्दही मान डोलवून ऐकत. मग जुमला. त्याला अट अशी, की जुमल्यात स्वतःच्या गावातलं काहीतरी आलंच पाहिजे. पुस्तकातला जुमला जसाच्या तसा म्हटला तर ते म्हणायचे, "हा तर किताबचा झाला, तुझा कुठं आहे?" आबांचा पहिला स्वतःचा जुमला विहिरीचा होता: 'अवर वेल हॅज स्वीट वॉटर.' शाळा सुटल्यावर गावापर्यंतच्या वाटेनं ते हे वाक्य मोठ्यानं म्हणत आले. घरी पणजीला मराठी करून सांगितलं, तर ती म्हणाली, "खरं हाय की. सगळ्या गावात आपल्याच हिरीचं पानी गोड." पंचाहत्तरी ओलांडल्यावर आबांचे पुष्कळ शब्द गेले. हे वाक्य गेलं नव्हतं.

इंग्रजी आमच्याकडं शाळेतून आलं असं मी समजत होतो. आबांनी ते खोडून काढलं. त्यांच्या आजोबांच्या तोंडच्या गोष्टी त्याहून जुन्या होत्या. भोकरदनकडच्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांची आणि वेलस्लीची लढाई झाली. त्यानंतर काही वर्षांनी, 1827च्या सुमारास, जालन्यात हैदराबादच्या तैनाती पलटणींची छावणी बसली. छावणीला दूध हवं, गवत हवं, कोंबड्या हव्यात. गावोगावचे लोक ते घेऊन जायचे आणि येताना पैशाबरोबर चार शब्द आणायचे. त्यांना मानी कुणी सांगितलं नाही. दुधाचं भांडं पुढं केलं की 'मिल्क' ऐकू यायचं, एवढ्यावर काम भागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छावणी उठली, शब्द मागं राहिले. त्याच सुमाराला मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाला होता, आणि टेशन, टिकिट, सिंगल, गारड हे शब्द कपाशीच्या गाठींबरोबर ये-जा करू लागले. मुंबईत 1843 मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली होती. मिशनची शाळा आणि पुढं दवाखाना यांच्यामुळं आणखी एक शब्दांची तुकडी आली. पणजीला इंग्रजीतली अक्षरओळख नव्हती, पण 'नर्स' आणि 'वाड' हे शब्द ती बाळंतपणाच्या गोष्टीत अचूक जागी वापरायची.

आबांचे एक मेहुणे देऊळगाव राजाचे. जालन्याहून बैलगाडीनं दिवसभराची वाट. पण मध्ये सरहद्द. ते वऱ्हाड, 1853 पासून इंग्रजी कारभाराखालचं. तिथं शाळा मराठी, आणि इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. दोघं लग्नाकार्यात भेटले की मांडवाच्या कडेला बसून शब्दांची झुंज लावायचे. मेहुण्यांच्या पुस्तकात आधी इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ, मग त्याच शब्दांची इंग्रजी वाक्यं मराठीत करायला, आणि पुन्हा मराठी वाक्यं इंग्रजीत करायला. जाताना एक रस्ता, येताना तोच उलटा. मेहुण्यांचं व्याकरण पक्कं, आबांचा शब्द मोकळा. रझाकारांच्या धामधुमीत, 1948च्या उन्हाळ्यात, सरहद्दीवरच्या कितीतरी कुटुंबांसारखं आमचं घरही उठून वऱ्हाडात गेलं. त्या महिन्यांत आबांनी मेहुण्यांची पाठमाला पहिल्या पानापासून केली. इंग्रजीतून सरळ मराठीत आणि मराठीतून सरळ इंग्रजीत जाता येतं, हे त्यांना तिथं पहिल्यांदा हाताला लागलं. "मधला माणूस उठून गेला आन् आम्ही समोरासमोर बसलो," असं ते सांगायचे.

17 सप्टेंबरला संस्थान मुक्त झालं. परतल्यावर काही वर्षांत कारभार बदलला, शाळांत मराठी आली, आणि उर्दूत घडलेल्या पिढीला पुन्हा नव्यानं शिकणं भाग पडलं. आबा मास्तर झाले. त्या पिढीचं उर्दू वाया गेलं असं पुष्कळ जण म्हणाले. मला ते कधी पटलं नाही. 2023 मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून मराठा आरक्षणाचं आंदोलन उभं राहिलं आणि निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरं समोर ठेवून उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. ती वाचणारी शेवटची घरं आमच्या जिल्ह्यात होती, आणि आपण त्यांच्याकडून वेळेवर शिकून घेतलं नाही.

आबांच्या शाळेतले एक सहकारी मास्तर आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला जे कॉलेज काढलं, पुढं मिलिंद म्हणून नावारूपाला आलेलं, त्याच्या पहिल्या काही वर्षांतले हे विद्यार्थी. नागसेनवनातल्या वसतिगृहाच्या त्यांच्या आठवणी ऐकताना आबाही गप्प बसत. वाचनालयातल्या इंग्रजी वर्तमानपत्रातून पोरं शब्द टिपून घ्यायची. पण त्यांच्या चिठ्ठ्यांवरचे शब्द आबांच्या वहीतले नव्हते. राइट, पिटिशन, अपील, ग्रँट, स्कॉलरशिप. घरात पुस्तक धरणारी ही पहिलीच पिढी, आणि तिला नदी-फूल-पाखरू करत बसायला सवड नव्हती. गावी सुट्टीत आल्यावर वस्तीच्या पिण्याच्या पाण्यासाठी त्यांनी तहसिलीला अर्ज लिहिला, इंग्रजीत. अर्जाचा तेव्हाचा ठरलेला मायना 'आय बेग टू स्टेट' असा. मास्तरांनी कोशात 'बेग' काढून पाहिला. अर्थ वाचला, आणि तो शब्द गाळून लिहिलं, 'आय स्टेट.' हे सांगताना ते आवाज चढवत नसत. पण शब्दाचा अर्थ कशासाठी शिकायचा, याचं याहून चांगलं उत्तर मला कुठल्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात सापडलेलं नाही.

माझ्या वाट्याला इंग्रजी पाचवीपासून आलं. वर्गात शब्दार्थाची यादी फळ्यावर, ती वहीत, दुसऱ्या दिवशी स्पेलिंगसकट तोंडपाठ. 'वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न परीक्षेत असे. त्याची उत्तरं बाजारातल्या गाइडात छापलेली असत, आणि सगळ्या वर्गाचं वाक्य एकच येई. संध्याकाळी आबा वही मागत आणि प्रत्येक शब्दासमोर माझा स्वतःचा जुमला नसेल तर ती परत करत. मी कुरकुरायचो. मोसंबीच्या बागेत पाणी धरायला गेलो की मग ते तिथंच सुरू करत: दांडाला काय, वाफ्याला काय, खोडाला काय. जो शब्द कोशात नसे तो तसाच ठेवून बाकीचं वाक्य इंग्रजीत करायचं. 'वॉटर इज इन द दांड.' मला ते धेडगुजरी वाटे. आबांना त्यात काही गैर दिसत नव्हतं. ते म्हणत, जुमला खरा पाहिजे, बाकी शब्द हळूहळू येतात.

पुढं शिक्षकी पेशात आल्यावर मायकेल वेस्ट यांचं काम वाचनात आलं. इंग्रज सरकारच्या शिक्षणखात्यातला हा माणूस ढाक्याला बंगाली मुलांना शिकवत होता. मुलं शब्द पाठ करतात पण पान वाचू शकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं, आणि वाचनपुस्तकं अशी रचली की ओळखीच्या चाळीस-पन्नास शब्दांमागे एखादाच नवा शब्द यावा आणि तो पुन्हापुन्हा भेटत राहावा. 1953 मध्ये त्यांनी रोजच्या उपयोगाच्या सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. जगभर ती वापरली गेली. नवा शब्द ओळखीच्या माणसांत बसवला तर तो राहतो, एवढंच वेस्ट यांचं म्हणणं मी माझ्यापुरतं घेतलं. अंबड तालुक्यातल्या एका वस्तानियात एक मौलवीसाहेब तेच करत होते. त्यांचं नाव कुठं छापलं गेलं नाही.

आणि शाळेबाहेर? तिथं तर जालना जिल्ह्यानं जेवढे इंग्रजी शब्द कमावले तेवढे वर्गात कधीच आले नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात बाया खडी फोडायला गेल्या आणि मस्टर, गँग, ओव्हरशेर हे शब्द घेऊन आल्या. लाल ज्वारी आली ती 'मिलो' म्हणून. मस्टरवर नाव असणं म्हणजे संध्याकाळी भाकरी असणं. हे मानी कुणाला पाठ करावं लागलं नाही.

त्याच्या आधीच, 1964 मध्ये, बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली होती. भेंडीच्या बियाण्यापासून निघालेले हे गृहस्थ पुढं 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्काराचे मानकरी ठरले. त्यांच्या मागोमाग इतरही बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या आणि गावोगाव बीजोत्पादनाचे प्लॉट आले. माझी आत्या या प्लॉटवर आयुष्यभर राबली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. तिच्या तोंडी हायब्रेट, प्लॉट, मेल, फिमेल, क्रॉसिंग, लॉट, रिजेक्ट. कपाशीच्या क्रॉसिंगला जायचं म्हणजे दुपारनंतर मादीच्या ओळीतली, उद्या उमलणार अशी कळी हेरायची, तिची पाकळी आणि पुंकेसर नखानं अलगद सोलून काढायचे, खूण करून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. दिवसाला शेकडो कळ्या. एखादी कळी खुणेविना राहिली आणि आपल्याच परागानं फळली, तर ते बोंड 'सेल्फ'. ते वेचून बाजूला टाकायचं, नाहीतर सगळ्या लॉटमध्ये भेसळ. प्लॉटातली वेगळ्या वाणाची झाडं उपटण्याला कंपनीचा माणूस 'रोगिंग' म्हणायचा, बाया 'भेसळ काढणं'. दोन्ही शब्द प्लॉटवर शेजारी शेजारी नांदले.

पिशवीला लावलेल्या बिल्ल्यांचं तिचं वाचनही असंच. पायाभूत बियाण्याच्या आधीच्या पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. अक्षर न ओळखता ती बिल्ला पाहून सांगायची, "हे फौंडेशन हाय, हे सर्टिफाय." आणि उगवणीचा आकडा कुणाकडून तरी वाचून घ्यायची. 'जर्मिनेशन' हा शब्द मी दहावीत विज्ञानाच्या पुस्तकात वाचला. आत्यानं तो त्याआधी कितीतरी वर्षं ओल्या पोत्यात शंभर दाणे गुंडाळून, उगवलेले मोजून शिकलेला होता.

हे सगळं बाजूला ठेवून आपण लेकरांच्या हाती काय देतो, याचा मला मनापासून त्रास होतो. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आहे. तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या फिरतात. शब्द पुष्कळ वाढले. माझ्या वेळी पाचवीतही नसतील इतके आज दुसरीच्या पोराला येतात. मोबाइलवर दिवसाला पाच शब्द, अर्थ आणि नमुन्याचं वाक्य येतं. ते वाक्य बर्फावर असतं, विमानतळावर असतं, कुणाच्या तरी ऑफिसातल्या बैठकीत असतं. त्यातही वाईट काही नाही. लेकरानं जग पाहावंच. पण त्याच्या मायनं सकाळी ज्या प्लॉटवर जायचं आहे तिथलं एकही वाक्य त्यात नसेल, तर ते लेकरू इंग्रजी ही दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट समजून बाजूला ठेवतं. मी हे वर्षानुवर्षं वर्गात बघितलं आहे. हुशार पोरं गप्प होतात.

निवृत्तीनंतर गावातली काही मुलं संध्याकाळी माझ्याकडं येतात. वहीचं पान मी आबांसारखंच आखायला लावतो. फक्त उर्दूच्या जागी मराठी आली आहे आणि मोडीच्या जागी घरातला, गावातला शब्द. शब्द, अर्थ, आपल्या घरातला शब्द, मग वाक्य. वाक्यात गावातलं काहीतरी हवंच. पहिल्या आठवड्यात सगळे अडतात. मग एखादी मुलगी लिहिते, 'अवर बोअर हॅज नो वॉटर इन मे,' आणि बाकीच्यांना वाट सापडते. 'माय फादर वर्क्स इन अ रोलिंग मिल. द बिलेट इज रेड.' हे एका सातवीतल्या मुलाचं, बाप जालन्याच्या एमआयडीसीत भट्टीवर. 'माय मदर गोज टू क्रॉसिंग.' हे तर कितीजणांचं. यातलं शेवटचं वाक्य तपासताना मी थांबलो नाही. कोशातलं बरोबर-चूक त्याला लागू होत नाही. जालना जिल्ह्यात या शब्दाला हा अर्थ आहे आणि तो साठ वर्षांच्या कामानं मिळालेला आहे.

गेल्या हंगामात आत्या काही दिवस राहायला आली होती. आता तिची नजर अधू आहे, ऐकू मात्र चांगलं येतं. मुलं ओळीनं वाक्यं वाचत होती. एकीनं बाजरीच्या प्लॉटवर लिहिलं होतं, 'मेल अँड फिमेल प्लँट्स गिव्ह हायब्रीड सीड.' मी मराठी करून सांगितलं. आत्या लगेच म्हणाली, "चूक हाय. खोडून लिही. हायब्रेटचं बी फिमेलच्याच ओळीतलं धरत्यात. मेलच्या ओळी आधी कापून बाजूला काढायच्या, न्हाई तर मिसळतंय." मुलीनं खोडलं. मग 'आधी कापून' याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर सगळी पोरं कोश उघडून बसली, आणि आत्या त्यांना मेलच्या किती ओळींमागं फिमेलच्या किती ओळी लावतात ते सांगू लागली.